अंगठ्यांचा अभ्यासक

माणसाच्या अंगठ्याचा माझ्या त्या सहकाऱ्याइतका विचार मुंबईतल्या एखाद्या ज्योतिष्यानेही केला नसेल. आमच्या प्रभादेवीच्या छोट्या कंपनीत तो कंत्राटावर मोबाइल अ‍ॅप लिहायला आला, तेव्हा माझ्यासारखाच चाळिशी ओलांडलेला होता. त्याआधी गिरगावात लग्नपत्रिकांची डिझाइनं करायचा. एकदा लिहिलेला कोड अँड्रॉइडवर आणि आयफोनवर सारखाच चालतो, हे आम्ही गृहीत धरत असू. तो धरत नसे. दोन हातांत दोन फोन घेऊन दोन्ही अंगठ्यांनी एकदमच स्वाइप करून बघायचा, आणि लिफ्टमधल्या अनोळखी माणसालाही म्हणायचा, "जरा हे डावीकडे सरकवा ना. असं नाही, नेहमी सरकवता तसं." दादरच्या फूलबाजारात हार करणाऱ्या एका बाईंच्या ओल्या बोटांनी त्याने आमचं एक अ‍ॅप तपासून घेतलं होतं. "गजरा फुकट न्या, पण हे पुन्हा आणू नका," असं त्या म्हणाल्याचं तो अभिमानाने सांगे.

रंगांचंही तेच. अ‍ॅपचे सगळे रंग एका फाइलमध्ये लिहून ठेवले की लाइट आणि डार्क थीम एकाच जागेवरून बदलता येते. त्या फाइलमध्ये आमचे रंग 'निळा एक', 'निळा दोन' असे असत. त्याचे चिंतामणी, आमसुली, अबोली. "निळा दोन म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येतं? चिंतामणी म्हण, लगेच आईची साडी दिसते." टीममधल्या एकीने आमसुली म्हणजे कुठला, असं विचारलं, तर तो तिला साडीच्या दुकानात घेऊन गेला. दीड तासाने ती पिशवी घेऊन परतली.

मालक त्याला कायम करणार होते, शिफारस माझीच होती. त्याच सुमारास एका पोळीभाजी केंद्राचं अ‍ॅप आमच्याकडे आलं. केंद्राच्या काकूंना फोनवर डब्यांची यादी दिसायची. डबा गेला की ओळ उजवीकडे सरकवायची, रद्द झाला की डावीकडे. ओळ निम्म्याच्या पुढे ओढली तरच अ‍ॅपने ते मानावं, हा त्याचा हट्ट. "काकूंच्या हाताला कणीक असते रे. नुसता फोन पुसला तरी कोणीतरी उपाशी राहील." मला ते सरकवणं जड वाटायचं. अ‍ॅप देण्याच्या आदल्या दिवशी मी त्याला न विचारता तो आकडा निम्म्यावरून दहाव्या हिश्श्यावर आणला. ओळ लोण्यासारखी सरकू लागली.

पहिल्याच सोमवारी नऊ डबे आपोआप रद्द झाले, बहुतेक एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे. काकू तडक ऑफिसात आल्या. "माझी माणसं दोन वाजेपर्यंत दाराकडे बघत बसली होती," एवढंच म्हणाल्या. मालकांनी विचारलं, "स्वाइपचं काम कोणाकडे होतं?" सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"माझ्याकडे," तो म्हणाला. "आजच दुरुस्त करतो."

त्याने दुरुस्त केलं. कंत्राट मात्र पुढे वाढलं नाही. शेवटच्या दिवशी त्याने सगळ्यांना बटाटेवडे खिलवले. मी दोन खाल्ले, आणि तरीही बोललो नाही.

बोलायला मला दोन वर्षं लागली. गेल्या महिन्यात फोन करून सांगितलं, "तो आकडा मी बदलला होता."

"माहीत आहे," तो म्हणाला. "कोणी काय बदललं ते कोडच्या नोंदीत असतंच. मी त्याच दुपारी पाहिलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

मग त्यानेच विचारलं, "काकूंना आता ओळ किती ओढावी लागते?"

"निम्मी. तू ठेवलीस तशीच आहे."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. फोन त्याने ठेवला नाही, आणि मीही नाही.