जाऊबाईंच्या खोलीचं छत

शेजारच्या बिऱ्हाडात रंगकाम चाललं आहे. खिडकीतून रंगात खललेल्या जवसाच्या तेलाचा उग्र, किंचित गोडसर वास येतो, आणि अमरावतीच्या या सिमेंटच्या घरात बसल्या बसल्या मी मोर्शीकडच्या आमच्या घरी जाऊन पोचते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, राज्य इंग्रजांचं होतं, आणि मी संत्र्यांच्या बागा असलेल्या एका कुणब्याच्या घरात नुकतीच आलेली धाकटी सून होते.

थोरली जाऊ माझ्याहून फार मोठी नव्हती. चालायची इतकी झपाझप, की तिच्यामागे मला पदर सावरत धावावं लागे. कौंडण्यपूरच्या जत्रेहून परतताना बैलांची दमणी उलटली आणि तिच्या कमरेला असा मार बसला, की ती पुन्हा उभी राहिली नाही. डॉक्टरांनी उताणं निजून राहायला सांगितलं. दोघींचं काम माझ्या एकटीच्या अंगावर आलं, पण त्याची मी कधी कुरकुर केली नाही.

मग भासऱ्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, अकोल्याहून एक चितारी आणला. तिकडच्या कापूस-व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यांत छतावर वेलबुट्टी काढणारा माणूस. त्याने जाऊच्या खोलीत परांची बांधली आणि छतावर रामसीता काढतो म्हणाला.

"देव नोको," जाऊ म्हणाली. "देवाले काय पडल्या पडल्या पाहू? आमची बाग काढा."

दिवसेंदिवस छताच्या लाकडी फळ्यांवर गर्द पानं फुटली, संत्री पिवळी होत गेली, पोपटांचा थवा उतरला. एका कोपऱ्यात तिच्या माहेरची वर्धा वाहू लागली. एका दुपारी दूध घेऊन मी दाराशी गेले, तर भासरे तिच्या खाटेशेजारी भुईवर उताणे पडले होते. "हा पोपट तुले अर्धाच दिसून राहिला," ते म्हणाले, आणि चिताऱ्याला तो पुसून अलीकडे काढायला लावला. ज्यांची चाहूल लागली की गडीमाणसं बोलायची थांबत, ते भासरे! मी पदर पुढे ओढला, दूध उंबऱ्याशी ठेवलं आणि मागे फिरले. मला हेवा वाटला. आणि तोही अंथरुणाला खिळलेल्या बाईचा.

जेवण वाढताना मी आमच्या यांना म्हटलं, "आपल्या खोलीत बी काढून घ्या ना."

"तुले वर पाहाले सवड कुठं हाये?" भाकर मोडता मोडता हे म्हणाले. बोलण्यात राग नव्हता. खरंच होतं ते, म्हणूनच जास्त लागलं.

त्यानंतर तिच्या खोलीत गेले की माझी नजर आधी वर जाई. एकदा तिने हाताला धरून मला खाटेवर बसवलं. "तू आली का छताकडे पाहून राहते," ती म्हणाली, "अन् मी तुह्या पायाकडे. घे हे छत. देतं काय मले पाय?"

तिलाच हसू आलं, मग मलाही. त्या दिवसापासून दुपारची झाकपाक आटोपली की मी तिच्याजवळ आडवी होऊ लागले. ती छताकडे बघत बागेतल्या झाडांची चौकशी करी, कोणत्या झाडाला बहर आला, कोणतं वाळलं, आणि मी सांगे.

काही वर्षांनी ती गेली. दिवस-वार आटोपल्यावर ओसरीवर भासरे माझ्या नवऱ्याला म्हणाले, "ते खोली तुमी घ्या. तिले ते छत आवडते." ती म्हणजे मी. दारामागे उभ्या उभ्या मी ते ऐकलं. माझा हेवा त्यांना ठाऊक होता तर.

आम्ही त्या खोलीत राहिलो, मुलं तिथेच वाढली. फळ्या उधईने खाल्ल्या तेव्हा उतरवल्या, आणि वरचं छत गेल्याचं मला फारसं दुःख झालं नाही. रंगांचा हेवा केव्हाच विरला होता. कुणीतरी आपल्या शेजारी भुईवर पडून आपल्याला काय दिसतं ते बघावं, याचा हेवा मात्र अजून आहे. तोही जाईल असं पूर्वी वाटे. आता तो जाऊ नये असं वाटतं. त्या दोघांचं माझ्यापाशी तेवढंच उरलं आहे.