नसलेल्या पुतण्याचं स्थळ

विदर्भ मुंबई राज्यात जाऊन थोडाच काळ झाला होता. पांढरकवड्याचा एक तरुण पुढारी वेगळ्या विदर्भासाठी सभा गाजवत होता. त्याला उचलायचं की नुसतं बोलू द्यायचं, हे माझ्या गुप्त अहवालावर ठरणार होतं. साहेबांनी दार लावून घेतलं आणि या कानाची खबर त्या कानाला लागू नये, यावर मोठं व्याख्यान दिलं. मग मला बसस्टँडवर सोडायला गणवेशातला शिपाई पाठवला. त्यानं चारचौघांत कडक सलाम ठोकला.

पूर्वीचे हेर म्हणे बैराग्याच्या वेषात हिंडत. मी लग्नाळू पुतण्याचा काका झालो. पुढाऱ्याची बहीण उपवर होती आणि माझी जात त्यांच्याशी जुळत होती. खात्याला माझ्यात दिसलेली ही एकमेव गुणवत्ता. शिवाय स्थळ पाहणाऱ्याला काहीही विचारता येतं. घरी कोण येतं, भाऊ कुठं जातो, कोणाशी बसतो-उठतो. लोक सांगतात, वर पोहेही देतात.

मी पोटभर विचारलं. बॉम्ब सोडाच, त्या घरातल्या विळीलाही धार नव्हती. तसा अहवाल मी धाडूनही दिला. एकच गोष्ट विसरलो: चौकशी मुलीकडचेही करतात.

नकार कळवायला पुन्हा गेलो, तर ओसरीवर मुलीची आत्या सुपारी कातरत बसलेली.

"या पाव्हणे. पुतन्या कसा हाय?"

"मजेत."

"बाप्पा! तुमाले भाऊ एकच, तो बी बिनलग्नाचा. मंग पुतन्या आभायातून पडला काय?"

मी सुपारी तोंडात टाकली. तेवढाच वेळ मिळतो. तिनं माझं खातं, हुद्दा, आजवरच्या बदल्या आणि माझ्या बायकोची कंबरदुखीसुद्धा सांगितली. तिच्या नणंदेची जाऊ आमच्याच गल्लीत राहत होती. असं जाळं विणायला आमच्या खात्याला एक जन्म पुरला नसता.

अडकित्ता थांबला. "खरं सांगा भाऊ, आमच्या पोराले धरून नेता काय?"

"नाही. नुसतं बोलतो, असंच लिहिलंय मी."

"मंग मी बी कोनाले सांगत नाही. पन तुमच्या पायी पोरगी गावाच्या तोंडी आली. आता धाकट्या भावाले आना दाखवाले. मास्तर हाय, दारू पीत नाही. मी इचारलं सारं."

आणला. मुलीनंच त्याला जास्त प्रश्न विचारले, आणि तो पास झाला.

लग्नात नवरीच्या भावानं मांडवातच वेगळ्या विदर्भावर भाषण ठोकलं. वराचा थोरला भाऊ म्हणून मला उठून जाता येईना. साहेब गुप्तपणे जेवायला आले होते, सरकारी जीपमधून, त्याच शिपायासह. जिलबी मोडत ते माझ्या कानाशी लागले.

"या माणसावर नजर ठेवा."

"ठेवतो साहेब," मी म्हणालो, "आता दर भाऊबीजेला आमच्या घरीच येईल."