वेगळा तवा

२१ फेब्रुवारी २०२३. घरात जीव तीन.

बायजाबाई, त्यांचा मुलगा रविंद्र आणि नात प्रीती. प्रीतीची आई ती लहान असतानाच गेली. मनीषनगरच्या पुढे, मिहानच्या कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत या तिघांचे भोजनालय आहे. दुपारचे ऊन पत्र्याच्या फटींतून आत उतरते आणि त्या उन्हाच्या पट्ट्यांत पीठ तरंगत राहते. विमानतळाकडे झुकलेले विमान वरून गेले की पत्रे थरथरतात, पीठ क्षणभर वाट चुकते आणि पुन्हा संथ होते. बायजाबाई त्या पिठाकडे पाहत बसतात. सत्तरीच्या बाईला अशा वेळी झोप आणि जाग यांतली सीमा फारशी कळत नाही.

त्या सीमेवर त्यांना एक कपबशी दिसते. उमरेडजवळच्या त्यांच्या गावी चहाच्या दुकानाबाहेर, कुडाच्या खुंटीला ती टांगलेली असे. वडिलांनी ती स्वतः काढायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, स्वतः विसळून पुन्हा टांगायची. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परतल्यावर वडील त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. कपबशी मात्र कितीतरी वर्षे तिथेच होती. हे आपण कडेवरून पाहिले की नंतर ऐकले, हे बायजाबाईंना आता सांगता येत नाही. स्वप्नात ती वाऱ्यावर हलते आणि वाजत नाही.

म्हणून त्यांच्या भोजनालयात एक माठ, एक परात, एक तवा. गर्दी वाढली तेव्हा रविंद्रने दुसरा तवा आणला होता.

"वापस कर," बायजाबाई म्हणाल्या. "आज एकावर पोळी, एकावर भाकर. उद्या एकावर याची अन् एकावर त्याची."

"माय, तू बी ना! तव्याले कोणाची जात समजते वं?"

"तव्याले नाही समजत. ठेवणाऱ्याले समजते."

तवा परत गेला.

त्या फेब्रुवारीच्या दुपारी चष्मा लावलेली एक तरुणी आली. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र होते, पण ते उलटे पडले होते. प्रीतीने पाणी ठेवले. तरुणीने भाकरी-झुणक्याची चौकशी केली आणि जरा अडखळत विचारले, "आजी, भाकरीला वेगळा तवा आहे का? पोळीच्या तव्यावरची मला चालत नाही."

बायजाबाईंचे हात पिठात थांबले.

"काहून वं? आमच्या तव्याले काय झालं?"

"तसं नाही हो आजी..."

"कसं नाही? वेगळं कोणाले लागते, मले सांगू नको. ऊठ. इथं सारे एकाच तव्यावरचं खातात."

तरुणी उठली. दारापाशी वळून म्हणाली, "आजी, मला सीलिअॅक म्हणून आजार आहे. गव्हाचा कण पोटात गेला तरी आतडी खराब होतात. रक्त वाढत नाही, सारखं तोंड येतं. कुठल्याही हॉटेलात विचारलं की लोक हसतात नाहीतर चिडतात. चुकलं माझं."

ती उन्हात गेली. ग्लासातले पाणी तसेच राहिले. प्रीतीची जीभ नकळत गालाच्या आतल्या फोडावरून फिरली.

प्रीती तेव्हा वीस वर्षांची होती. जिना चढताना तिला दम लागे, पोट बिघडे, लोहाच्या गोळ्या लागू पडत नसत. अंगात रक्त यावे म्हणून आजी तिला रोज तूप लावलेली गरम पोळी आणि कणकेचा शिरा खाऊ घाली. माया जितकी वाढत गेली, तितकी पोर वाळत गेली.

पावसाळ्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा प्रीतीनेच डॉक्टरांना त्या तरुणीचे बोलणे सांगितले. रक्ताची तपासणी झाली, मग आतड्याचा तुकडा तपासला गेला. आजार तोच निघाला. गहू जन्मभर बंद. रवा, मैदा, शेवया बंद. बाजारच्या हिंगातही गव्हाचे पीठ असू शकते, म्हणून डबी वाचूनच घ्यायची. आणि परात, पळी, तवा वेगळा.

बायजाबाईंनी बाकीचे सारे ऐकले. तवा मात्र वेगळा केला नाही. त्या तो राखेने घासत, उकळत्या पाण्याने धूत, मग नातीची भाकरी थापत. पोटच्या पोराचे पोर वेगळे पाडायचे नाही, एवढेच त्यांच्या मनात होते. तव्याच्या खरबरीत पोटात मात्र गहू राहतच होता. दिवाळीपर्यंत प्रीती पुन्हा अंथरुणाला खिळली.

"आजी," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मले वेगळं पाडू नये म्हणून तू मले आजारी ठेवून राहिली."

माणसाला खाली ठेवण्यासाठी आपल्या समाजाने वेगळेपण इतकी शतके राबवले, की माणसाला जगवण्यासाठीही काही वेगळे ठेवावे लागते, हे ज्याने घाव सोसला त्याच्याच मनात शिरेना. या चुकीचा दोष एकट्या बायजाबाईंचा नाही. भोगले मात्र प्रीतीने.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रविंद्रला तवा आणायला सांगितले.

"आता तव्याले समजते का, माय?"

"चूप बैस. जड पाहून आण."

नव्या तव्यावरच्या पहिल्या भाकरीचा तुकडा त्यांनी सर्वांसमोर स्वतः खाल्ला, उरलेली प्रीतीच्या ताटात वाढली. तेव्हापासून घरातले तिघेही त्याच तव्यावरचे खातात. तो बाहेर टांगलेला नाही. आत, येणाऱ्याला प्रथम दिसेल अशा जागी आहे. त्याच्याजवळ पाटी आहे: 'गव्हाशिवाय जेवण मिळेल. तवा, परात, पळी वेगळी. विचारायला लाजू नये.' शेवटचे वाक्य बायजाबाईंनी सांगून लिहवून घेतले.

आता अधूनमधून कोणी येते, पाटी वाचते आणि न अडखळता भाकरी मागते. प्रीती जिना न थांबता चढते. दुपारी पीठ उन्हात तरंगते; नव्या तव्याच्या बाजूला ते ज्वारीचे असते.

दारात चष्म्यावर ऊन चमकले की बायजाबाई उठून उभ्या राहतात. दर वेळी दुसरेच कोणी निघते. रविंद्रने मिहानच्या फाटकांवर विचारून पाहिले. पण त्या मुलीचे नाव कोणी विचारलेच नव्हते. ती परत आलेली नाही.

तिचे एक जेवण देणे बाकी आहे.