पांढरी पडलेली नागवेल

तीस वर्षं मी मुलांना हरितलवक शिकवलं. पानाच्या पेशीतली ती हिरवी कुपी, तिला दोन पातळ आवरणं, आत भाकरीच्या चवडीसारख्या एकावर एक रचलेल्या चकत्या. चकत्यांमधलं हरितद्रव्य उजेड पकडतं आणि भोवतालच्या द्रवात त्या बळावर साखर तयार होते. सावलीत वाढलेल्या पानात या चवडी उंच असतात, कारण तिथे उजेडाचा कणही वाया घालवून चालत नाही. असं पान एकदम कडक उन्हात नेलं तर त्याला तेवढा उजेड झेपत नाही. हरितद्रव्य नष्ट होतं, पान पांढरं पडतं.

हे सगळं पाठ असूनही बायकोची नागवेल मीच गच्चीवर ठेवायला लावली.

वेल तिच्या माहेरची, पारशिवनीजवळच्या गावाहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली. थंडीत ती घरात असायची. उन्हाळा लागला की बायको कुंडी व्हरांड्याच्या उजेडाकडे रोज वीतभर सरकवायची. मी हसायचो, "वेलीला फिरायला नेतेस का?"

"तुमाले पुस्तकातलं समजते," ती म्हणायची, "इले थोडीच समजते? सवय होऊ द्या."

यंदा बायकोच्या आजारपणात तीन महिने धंतोलीच्या दवाखान्यात गेले. वेल आतल्या बोळीत अंधारातच राहिली. मग बायको गेली. तेरवीला येणाऱ्यांसाठी जागा हवी होती म्हणून सिमेंटची ती कुंडी दोन नातेवाइकांनी बाहेरच्या जिन्याने वर नेली. 'ठेवा कुठेही,' मी म्हणालो होतो. आमच्या गच्चीवर सावली कुठेच नाही.

सगळे आपापल्या गावी परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी वर गेलो. पानं कागदासारखी झाली होती.

बटाट्याला चीर पाडून त्यात पानाचा तुकडा धरला, ब्लेडने पातळ काप घेतले आणि जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. पांढऱ्या भागात पेशींच्या भिंती जागच्या जागी होत्या, आत फक्त फिकट ठिपके. जिथे एका पानावर दुसऱ्याची सावली पडली होती, तिथे मात्र हिरवे दाणे पेशीच्या कडेला दाटून बसले होते. उन्हाला अंग चोरून. तेवढ्यावर वेल जगली असती, पण आणखी दोन दिवस त्या उन्हात नाही. बायकोच्या हातचं घरात जिवंत असं एवढंच उरलं होतं.

कुंडी मला एकट्याला उचलेना. वेलीवर चादर टाकली, ती गरम वाऱ्याने उडवली. पुन्हा टाकली, पुन्हा उडाली. शेजारच्या गच्चीवरून खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले शेजारी बघत होते. तेरवीनंतर ते दोनदा येऊन गेले होते. मी दार उघडलं नव्हतं.

"काय करून राहिले सर? कुंडीले चादर पांघरून राहिले का?"

"खाली न्यायची आहे," मी म्हणालो. उडालेली चादर मी गोळा केली. "हात लावता का जरा?"

"काहून नाही? वहिनीची वेल हाय ना ते? आमच्या घरचं पान तिथूनच येत होतं." ते लगेच आले. जिन्यावर मधेच थांबून म्हणाले, "धीरे, सर. माझी कंबर माझ्यासंगंच रिटायर झाली."

कुंडी व्हरांड्याच्या आतल्या कोपऱ्यात ठेवली. दम खात त्यांनी विचारलं, "हे पांढरे पानं तोडून टाकू का?"

"नको. मरणाऱ्या पानातली हरितलवकं मोडतात आणि त्यांतलं जे उरलं असेल ते वेल मागे ओढून घेते. आपोआप गळू द्यावीत."

"किती दिवस लागते?"

इतकी वर्षं शिकवलं, पण कधी थांबून पाहिलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

मग ते जेवायला गेले, आणि वेलीला पाणी घालायचं मला आठवलं.