प्रज्ञाची सायटेशन्स आणि मी

प्रज्ञा गेल्याचा मेसेज आला, तेव्हा मी आधी तिची सायटेशन्स पाहिली.

रडले नंतर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरमध्ये तुमच्या पेपरचा दाखला दिला की तुमचं एक सायटेशन वाढतं. आमच्या क्षेत्रात माणसाची किंमत अशीच ठरते.

प्रज्ञाचा विषय मेंदूला येणारी सूज. बंगळुरूला स्वतःची लॅब, सायटेशन्स चार आकडी.

माझा विषय दिग्रसच्या कॉलेजात झूलॉजीची प्रॅक्टिकल्स. पेपर एक. सायटेशन्स दोन, त्यातलं एक मीच दिलेलं.

आणि यवतमाळला बीएस्सीत पहिली कोण आली होती? मी. ती दुसरी. हे मी तिला कधी विसरू दिलं नाही.

दर सोमवारी पहिल्या तासाआधी स्टाफरूममध्ये बसून मी तिचं प्रोफाइल उघडायचे. आकडा वाढलेलाच असायचा. दिवसभर मग मी पोरींवर उगाच डाफरायचे.

पेपर मात्र तिचा एकही वाचला नाही. नुसता आकडा बघायचा.

मग ती वर्षं आली. बोंडअळीने कपाशी खाल्ली, लोक फवारण्यांवर फवारण्या करत सुटले आणि फवारता फवारता दवाखान्यात भरती होऊ लागले. आमचे लॅब अटेंडंट गजाननभाऊ रविवारी स्वतःच्या शेतात फवारायला गेले, ते आठवडाभर दवाखान्यातच होते.

बरे होऊन आले, पण त्यांना नमुने टिकवायच्या फॉर्मलिनचा उग्र वासही येईना. पुढे बरण्याही चुकू लागल्या. डोळे मिटून बेडकाची बरणी काढून देणारा माणूस कपाटासमोर नुसता उभा राहायचा. मी हे सगळं तारखेनिशी प्रॅक्टिकलच्या वहीत टिपून ठेवलं होतं.

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा बोलण्याच्या ओघात सांगून टाकलं. तिने लगेच विचारलं:

"आधी वास गेला का आधी इसरू लागले?"

"आधी वास. मंग महिन्याभरानं बाकीचं."

"हे लिही वं तू. नाहीतर दोघी मिळून लिहू, तुझं नाव टाकतो मी."

इथे माझं डोकं फिरलं. म्हणजे तिच्या पेपरच्या शेपटाला माझं नाव.

"मले तुझं उष्टं नको," म्हटलं आणि फोन ठेवला.

दोन वर्षांनी त्याच विषयावर तिचा पेपर आला. छापण्याआधी तिने मला मेल केला होता, एकदा वाचून सांग म्हणून. मी फाइल न उघडताच उत्तर पाठवलं: "वाचलं. चालेल."

तो तिचा सगळ्यात गाजलेला पेपर ठरला.

आणि मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं की माझं निरीक्षण तिने चोरलं. गजाननभाऊंसमोर सांगितलं. एकदा नाही, दर वेळी विषय निघाला की. पुरावा काय, तर माझी सायटेशन्स अजून दोनच.

काल ही पोस्ट लिहायला बसले. निदान पेपरचं नाव तरी बरोबर लिहावं म्हणून पहिल्यांदाच तो उघडला. पहिल्याच पानावर आहे:

'या कामाचा मूळ प्रश्न दिग्रसच्या वर्षा यांच्या निरीक्षणातून आला. पर्सनल कम्युनिकेशन.'

वर्षा म्हणजे मी. तोंडी सांगितलेल्या गोष्टीचं श्रेय असंच देतात. ते संदर्भांच्या यादीत जात नाही, म्हणून मोजलं जात नाही. आणि मी आयुष्यभर फक्त मोजत बसले होते.

आज सकाळी स्टाफरूममध्ये उभी राहिले आणि ती ओळ मराठीत करून मोठ्याने वाचली. म्हटलं, प्रज्ञाने चोरी केली नव्हती, खोटं मी बोलत होते.

गजाननभाऊ म्हणाले, "प्रज्ञा मॅडम तर मले दर दिवाळीले फोन करत. वास येते का आता, म्हून विचारत."

मग मला कधी सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"तुमी त्याहिले चोर म्हनत होत्या. कसं सांगू?"

प्रज्ञा, आज सोमवार नाही, तरी पुन्हा पाहिलं. तू गेल्यावरही तीन वाढलीत. जळले गं. खोटं कशाला बोलू, अजूनही जळते.

पण पहिली तूच होतीस. आज सगळ्यांसमोर लिहून देते.

अखेरचा जय भीम, मैत्रिणी.