एकाच ताग्यातल्या कोंबड्या

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, शिंपी. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की कुठला खांदा उतरता आहे ते टेप न लावता सांगणारे. दुकानामागच्या अंगणात त्यांच्या कोंबड्या होत्या. अंग राखाडी, त्यावर पांढरे ठिपके, पाय काळेशार. ही जात पूर्वी घरोघरी असायची. पुढे कारखान्यातली पांढरी पिल्लं स्वस्तात मिळायला लागली आणि ठिपकेवाल्या बघता बघता दिसेनाशा झाल्या. मास्तरांनी कुठूनसा एक कोंबडा आणि दोन कोवळ्या तलंगा मिळवून हट्टाने ती जात टिकवली.

टिकवली, पण शिंप्याच्या डोळ्याने. तुरा जरा कलला, ठिपका जरा फिस्कटला, की कोंबडा गेला पातेल्यात. दर हंगामाला सगळ्यांत देखणा तेवढा एक ठेवायचा, त्याचं नाव नवरदेव. वर्षानुवर्षं हेच चाललं. अंगणभर कोंबड्या अशा दिसायला लागल्या, की एकाच ताग्यातून कापल्यात जणू. लोक लांबून बघायला यायचे आणि मास्तरांची छाती फुगायची.

मग अंडी फुटेनाशी झाली. खुडूक कोंबडी इमानाने बसायची आणि टोपलीभर अंड्यांतून चार-दोन मरतुकडी पिल्लं निघायची. मास्तरांनी उन्हाला दोष दिला, दाण्याला दिला, शेवटी बायकोला दिला. “टोपली तूच हलवलीस.”

“हो, आणि कोंबड्याला तोंडही मीच वाकडं करून दाखवलं,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

सूनबाई जनावरांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सुट्टीला आली तेव्हा तिने न फुटलेली अंडी फोडून पाहिली. पिल्लं आतच अर्धवट वाढून मेली होती. तिने कोंबड्यांचं थोडं थोडं रक्त घेतलं आणि पुढच्या खेपेला निकाल घेऊन स्वयंपाकघरात बसली.

“बाबा, ह्या सगळ्या एकाच घरातल्या आहेत. बहीण-भाऊ, बाप-लेक, सगळं एकमेकांतच.”

“शुद्ध जात आहे!”

“थोडाफार दोष प्रत्येकाच्या रक्तात असतो. एकाकडून आला तर झाकून राहतो. आई-बाप दोघांकडून तोच आला की उघडा पडतो. तुमच्या कोंबड्या चाळीस असोत नाहीतर चारशे, बाप दरवेळी एकच.”

मास्तर उठून दुकानात गेले. बरेच दिवस सुनेशी कामापुरतंच बोलले. ती चुकली असती तर भांडले असते. पण अंडी तर फुटत नव्हती.

शेवटी एका रविवारी ती आली तेव्हा तेच म्हणाले, “चल, परक्या घरातल्या ठिपकेवाल्या कुठे सापडतात का बघू.”

सापडल्या वीटभट्टीवर. तिथली राखणदारीण आईच्या वेळेपासून कोंबड्या पाळत आली होती. ठिपके होते, काळे पाय होते, बाकी सगळा सावळा गोंधळ. एकाचा तुरा कानावर पडलेला, एकाला शेपूटच नाही.

“निवडता कशा?” मास्तरांनी विचारलं.

“मी कशाला निवडू? जे जगतं ते माझं.”

मास्तरांनी त्यातल्या त्यात बऱ्या कोंबड्याकडे बोट दाखवलं. सूनबाई हळूच म्हणाली, “एक नको, चार घ्या. निरनिराळे.” बदल्यात मास्तरांनी चार तलंगा दिल्या आणि शेवटी नवरदेवही दिला. राखणदारणीने त्याला उलटापालटा करून पाहिलं.

“रूप आहे हो. अंगात दम आहे का, ते बघू.”

पुढच्या हंगामात टोपलीतून चिवचिवाट उठला. पिल्लं धडधाकट निघाली, पण एकासारखं एक नाही. मोठी होत गेली तसे मास्तर अंगणात फेऱ्या मारायचे. वाकड्या तुऱ्याचा कोंबडा समोर आला की हात शिवशिवायचा. दोनदा तर मानेला धरून आतही आणला, आणि मास्तरीणबाईंनी विचारलं, “सुनेला विचारलंत?” दोन्ही वेळा तो परत गेला.

हळूहळू आणखी काही घरांनी ठिपकेवाल्या नेल्या. ठरलं असं, की दरवर्षी कोंबडे ह्या घरातून त्या घरात फिरवायचे आणि प्रत्येकाने चार-पाच तरी ठेवायचे. सगळ्यांत देखणा तेवढाच ठेवू पाहणारा एकजण निघालाच. त्याला समजवायला मास्तर स्वतः गेले आणि तासभर भांडून घसा बसवून आले.

परवा एक बाई दुकानात आली. तिला अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन कोंबड्या हव्या होत्या.

“सारखं हवं असेल तर कापड बघा,” मास्तर म्हणाले. “कोंबड्या मागे आहेत, हव्या त्या धरा. पण पळतात फार, सांगून ठेवतो.”