टेबलावर राहिलेलं हॉर्मोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवालाही नाही. तुला सांगतेय — पण तोंड वाकडं करायचं नाही, आणि माझी कीव तर मुळीच करायची नाही.

परळच्या एका प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं टेक्निशियन आहे. उंदराच्या यकृतातल्या पेशी काढायच्या, बशीत जगवायच्या, त्यांना हॉर्मोन द्यायचं — हे माझ्याइतकं नेटकं कुणी करत नाही. हो, फुशारकी मारतेय. का मारू नको?

सुजाता आमच्याकडे पीएचडी करायची, अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समधून यायची. तिचं म्हणणं असं, की उपाशीपोटी अंगात जे हॉर्मोन वाढतं, ते मिळालं की यकृताची पेशी स्वतःचंच एक एन्झाइम मोडून टाकते. चार वर्षं पोरगी त्या एकाच गोष्टीमागे होती.

हॉर्मोन छोट्या कुप्यांत भरून गोठवायचं काम माझं. एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही, ते निकामी होतं, हे नव्या मुलींना मीच ओरडून शिकवते. आणि त्या शनिवारी सगळ्या कुप्या टेबलावर ठेवून मी घरी गेले. विसरले, दुसरं काय? सोमवारी बघते तर सगळं कोमट. मग काय केलं असेन मी? गुपचूप फ्रीजरमध्ये सरकवल्या. इतक्या वर्षांचं नाव — असं घालवू?

सुजातानं तेच हॉर्मोन वापरलं. तीनदा. पेशी ढिम्म, एन्झाइम जसंच्या तसं. तिचे गाइड सर म्हणाले, कल्पनाच चुकीची आहे. पोरगी माझ्याच खांद्यावर रडली. मी म्हटलं, सोडून दे गं, नोकरी बघ. तिनं सोडलं.

थांब, अजून आहे. ती गेल्यावर नवीन हॉर्मोन आलं. मी एकटीनं तिचा प्रयोग करून पाहिला. एन्झाइम अर्ध्यावर आलं — तिचं बरोबर होतं! आकडे लिहिलेला कागद मी फाडून टाकला.

आठ वर्षं झाली. भित्री होते, आजही आहे. पश्चात्ताप-बिश्चात्ताप मला विचारू नकोस.

गेल्या महिन्यात सुजाता करी रोडला भेटली. आता क्लासमध्ये शिकवते. भर रस्त्यात माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "ताई, तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून सुटले. नाहीतर अजून त्या चुकीच्याच मागे धावत असते."

मी तिच्या गालावरून हात फिरवला. म्हटलं, "हो गं. बरं झालं."